दीपगृहाला काय पाठवतात?

व्हर्जिनिया वूल्फच्या ‘टू द लाइटहाउस’ची गोष्ट दोन ओळींत सांगता येते. सहा वर्षांच्या जेम्सला उद्या होडीने बेटावरच्या दीपगृहाला जायचंय. आई म्हणते हवा चांगली असेल तर नक्की जाऊ, बाप म्हणतो हवा चांगली नसणार. दहा वर्षांनी जेम्स त्याच बापाबरोबर तिथे जातो, तोवर आई वारलेली असते. झालं. स्पॉयलर दिला म्हणून चिडू नका. आईचा मृत्यू खुद्द लेखिकेनेच चौकोनी कंसात, जाता जाता सांगून टाकलाय.

कादंबरी ५ मे १९२७ रोजी आली. तेव्हापासून तिच्याबद्दल दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक, संज्ञाप्रवाह. दोन, ते दीपगृह म्हणजे ‘प्रतीक’ आहे. कशाचं, ते बोलणाऱ्यावर अवलंबून: सत्य, आई, काळ, ईश्वर, पोहोचता न येणारं काहीही. इन्स्टाग्रामवर फिरणारी वाक्यं बघाल तर ‘आपापलं लाइटहाउस शोधा’ छापाचा मामला आहे. गंमत म्हणजे वूल्फने रॉजर फ्राय या कलासमीक्षक मित्राला पत्रात स्वच्छ कळवलं होतं की दीपगृहातून तिला काहीही सुचवायचं नव्हतं. पुस्तकाच्या मध्यातून एक रेघ जायला हवी होती, म्हणून ते तिथे आहे.

मी तिचं म्हणणं शब्दशः घ्यायचं ठरवलं आणि ही कादंबरी एका दिवसाच्या सहलीची गोष्ट म्हणून वाचली. कोण निघालंय, होडी कोणाची, सोबत काय आहे आणि ते कोणासाठी? असे कोरडे प्रश्न विचारले की हे पुस्तक फार वेगळं दिसायला लागतं.

सोबत काय आहे, ते पहिल्या काही पानांतच कळतं. मिसेस रॅमसे एक लोकरी मोजा विणतेय. तो दीपगृहावरच्या सॉर्ली नावाच्या रखवालदाराच्या मुलासाठी आहे, त्या पोराला खुब्याच्या क्षयाचा धोका आहे. बरोबर जुनी मासिकं द्यायचीत, थोडी तंबाखू द्यायचीय. टेनिसच्या मैदानाएवढ्या खडकावर महिना महिना अडकून पडायचं, वादळ असेल तर त्याहून जास्त. ना बायको दिसत, ना मुलं आजारी आहेत की हात मोडून बसलीत ते कळत. कसं वाटत असेल? ती हे मुलींना विचारते. मोज्याचं माप घेण्यासाठी जेम्सला उभं करते आणि मनात हिशेब करते, की सॉर्लीचा मुलगा जेम्सपेक्षा खुरटलेलाच असणार, तरीही हा मोजा आखूडच पडतोय.

हा हिशेब मला सगळ्या कादंबरीत सगळ्यात आवडतो. न बघितलेल्या एका आजारी मुलाच्या पायाची लांबी अंदाजाने धरणं, आणि तीही कमी धरणं. दया वगैरे शब्दांपेक्षा ही फार नेमकी गोष्ट आहे.

आता मिस्टर रॅमसे. वाचक त्याला व्हिलन ठरवून मोकळे होतात. मला तसं करता येत नाही, कदाचित धंद्यामुळे. प्रत्येक टीममध्ये एक माणूस असतो जो मीटिंगमध्ये सगळे माना डोलावत असताना म्हणतो, ‘शुक्रवारी रिलीज होणार नाही.’ तो कोणाला आवडत नाही, आणि बहुतेक वेळा शुक्रवारी रिलीज होत नाही. रॅमसे हा तो माणूस. विचारांची प्रगती त्याला इंग्रजी मुळाक्षरांसारखी दिसते. ए, बी, सी करत तो क्यूपर्यंत आलाय आणि आर काही हाती लागत नाही. वूल्फचे वडील लेस्ली स्टीफन हे ब्रिटनच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे पहिले संपादक. आयुष्यच अक्षरांच्या क्रमाने लावलेलं. बापाची थट्टा इतक्या अचूक जागी बोट ठेवून करायची आणि तरी त्याला हास्यास्पद होऊ द्यायचं नाही, हे सोपं नाही. हवेबद्दल तो बरोबरच ठरतो. पहिल्या भागाच्या शेवटी बायको तसं कबूलही करते, आणि मोजा पूर्ण होणार नाही हेही सांगते.

पण दोघांचं भांडण हवेवरून नाहीच. बापाच्या लेखी सहल म्हणजे हो किंवा नाही असं उत्तर असलेला प्रश्न. आईच्या लेखी ते पार्सल आहे, पलीकडे कोणीतरी त्याची वाट बघतंय. या फरकाकडे समीक्षेत फारसं कोणी बघत नाही, सगळे प्रतीकाच्या मागे धावतात.

या सहलीला खरा आधार आहे. कादंबरी स्कॉटलंडच्या स्काय बेटावर घडते, पण वूल्फने स्काय पाहिलं ते १९३८ साली, म्हणजे पुस्तकानंतर अकरा वर्षांनी. तिथे अशी झाडं-फुलं नसतात, अशा तक्रारी वाचकांनी केल्या, त्या रास्तच होत्या. खरं घर कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हजला होतं, टॅलंड हाउस. स्टीफन कुटुंब १८८२ ते १८९४ दर उन्हाळ्यात तिथे जायचं. खाडीपलीकडचं दीपगृह म्हणजे गॉड्रेव्ही, १८५९ मध्ये पेटलेलं. घरातली मुलं एक हस्तलिखित वर्तमानपत्र चालवायची. १८९२च्या सप्टेंबरातल्या अंकात बातमी आहे: नावाड्याने वारा आणि भरती दोन्ही उत्तम असल्याचं सांगितल्यावरून थोबी आणि व्हर्जिनियाला दीपगृहाच्या सफरीचं आमंत्रण आलं, धाकट्या एड्रियनला परवानगी मिळाली नाही, तो फार हिरमुसला.

म्हणजे आमंत्रण व्हर्जिनियाला होतं, किनाऱ्यावर राहिला तो भाऊ. पस्तीस वर्षांनी तिने गोष्ट लिहिली ती मागे राहिलेल्या मुलाची. माझ्या मते या कादंबरीतली सगळ्यात मोठी कल्पनाशक्ती इथे आहे, लांबलचक वाक्यांत नाही. आणि म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही: मागे राहिलेल्या भावाच्या मनात शिरू शकणारी ही बाई दीपगृहात का शिरत नाही?

हा प्रश्न मला पुस्तक वाचताना नाही, खांदेरीला सुचला. मागच्या जानेवारीत आम्ही तिघं मित्र थळहून होडीने गेलो होतो. किल्ला शिवाजी महाराजांच्या काळातला, बांधकाम १६७९ मध्ये सुरू झालं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ते हाणून पाडायला जहाजं पाठवली होती. दीपगृह १८६७चं. आमच्या डोक्यात फोटो, तोफा आणि भरतीच्या आत परत यायचं एवढंच. होडीत आमच्या पायांशी पाण्याचे कॅन आणि भाजीची गच्च पिशवी होती. ‘काका, हे कोणाचं?’ मी तांडेलांना विचारलं. ‘वरच्यांचं,’ ते म्हणाले, आणि हनुवटीने दीपगृहाकडे खूण केली. होडी लागल्यावर आधी ती पिशवी उतरली, मग आम्ही. बरोबरच होतं. त्या फेरीत गरजेचं असं तेवढंच होतं, आम्ही तर हौशी भरताड.

तेव्हापासून मी ‘टू द लाइटहाउस’ पिशवीवर नजर ठेवून वाचतो.

मधला भाग ‘टाइम पासेस’ म्हणजे दहा वर्षांचं रिकामं घर. वूल्फने वहीत कादंबरीचा आराखडा काढला होता, दोन ठोकळे आणि त्यांना जोडणारा बोळ, इंग्रजी ‘एच’सारखा. हा भाग म्हणजे तो बोळ. कंसात मिसेस रॅमसे जाते, मुलगी प्रू बाळंतपणाच्या दुखण्यात जाते, अँड्र्यू पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफगोळ्याने मरतो. कंसाबाहेर कसर, ओल, वारा, शालीची सुटत गेलेली घडी. या वीसेक पानांसाठी मी बाकी सगळं माफ करायला तयार आहे. एक सोडून.

त्या घरात एक माणूस येतं, साफसफाई करणारी म्हातारी मिसेस मॅकनॅब. वूल्फ तिला जवळजवळ मतिमंद ठरवते. ती डुलते, लडखडते, तिरकं बघते, जुनं गाणं पुटपुटते. वाचताना अवघडायला होतं. आपल्याकडच्या जुन्या कथांतल्या मोलकरणी आठवतात, हसवायला आणलेल्या. पण याच बाईला मिसेस रॅमसेचा करडा झगा आठवतो, बागेत वाकलेली ती आठवते, आणि या घरच्या स्वयंपाकघरात आपल्यासाठी राखून ठेवलेलं दुधाचं सूप आठवतं. मिसेस रॅमसेच्या देण्याबद्दल लिलीपासून टॅन्सलीपर्यंत सगळ्यांची मतं आहेत: मिरवायला देते, हुकूम गाजवते, सुंदर आहे. ज्यांना दिलं जातं त्यांच्या बाजूने ते कसं दिसतं, हे इतक्या ठळकपणे एकाच ठिकाणी येतं, आणि ते त्या ‘बुद्धू’ म्हातारीच्या डोक्यात. वूल्फला ते दार उघडता येत होतं याचा हा पुरावा. म्हणून दीपगृहाचं दार बंद राहिलेलं जास्त खुपतं.

तिसऱ्या भागाची सुरुवात बघा. सकाळ, निघायची गडबड, सगळ्यांना उशीर झालाय. नॅन्सी धावत येते आणि लिलीला विचारते, दीपगृहाला पाठवतात काय? तिला माहीतच नाही. ते माहीत असणारी बाई गेली आणि यादी तिच्याबरोबर गेली. अख्ख्या कादंबरीत आईच्या नसण्याचं याहून खरं वाक्य नाही. आपल्याकडेही हेच होतं: आजी गेल्यावर दिवाळीत फराळाचे डबे कोणाकोणाकडे जायचे हे कोणालाच सांगता येत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं.

शेवटी तपकिरी कागदात बांधलेली पार्सलं तयार होतात. त्यांत काय आहे, ते आपल्याला सांगितलं जात नाही.

होडीतला भाग मात्र अस्सल आहे, समुद्रावर गेलेल्या कोणालाही पटेल. वारा पडतो, शीड लोंबतं, होडी जागच्या जागी डुलते. सुकाणू सोळा-सतरा वर्षांच्या जेम्सच्या हातात. बाप पुस्तक वाचतोय, आणि आता तो मान वर करून काहीतरी खेकसेल या धास्तीने मुलगा ताठरलाय. जेम्स आणि कॅम, बहीणभावांनी बापाच्या जुलमाविरुद्ध शेवटपर्यंत लढायचा करार केलेला. मग बाप सँडविच सोडतो, उरलेलं कॅम समुद्रात टाकायला जाते तर तो तिला नको म्हणतो, आणि तिचा करार तिथेच ढिला पडतो. नावाड्याचा मुलगा गळाला लावायला एका बांगड्याच्या कुशीचा चौकोनी तुकडा कापून घेतो आणि मासा जिवंतच पाण्यात परत टाकतो. हेही कंसात. कोळीवाड्यातल्या कोणाला यात प्रतीक दिसणार नाही. चांगला बांगडा वाया गेला, एवढंच तो म्हणेल. वूल्फही त्यापुढे काही बोलत नाही, हे छान.

जवळ गेल्यावर जेम्सला दिसतं, की लहानपणी दिसायचा तो धुक्यातला, पिवळ्या डोळ्याचा रुपेरी मनोरा एक आणि हा समोरचा उघडाबोडका, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बुरूज दुसरा. दोन्ही खरे, असं तो ठरवतो. या जागेवर पानंच्या पानं लिहिली गेलीत. त्या दृश्यात आणखीही काही आहे: खडकावर वाळत घातलेले कपडे. तिथे कोणीतरी राहतं, धुणं धुतं. जेम्सला ते दिसतं आणि त्याची नजर पुढे सरकते. मग दीपगृहावर दोन माणसं दिसतात, यांच्याकडे बघत, यांना उतरवून घ्यायच्या तयारीत. त्यांना नावं नाहीत. सॉर्ली त्यांत आहे का? तो खुब्याचा मुलगा जगला का? आता तोही जेम्सएवढाच असायला हवा. सोबत आलेल्या तिघांपैकी कोणीही विचारत नाही.

बाप मुलाला अखेर शाबासकी देतो, होडी उत्तम आणलीस म्हणून. दहा वर्षं अडलेलं काहीतरी सुटतं, आणि वाचताना माझाही गळा दाटतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हा हिशेब रॅमसे कुटुंबाचा आपापसातला आहे. आईने सहल आखली होती घराबाहेरच्या कोणासाठी तरी. ती पार पडते घरातल्या जखमेसाठी. कादंबरीला हे कळलेलं आहे, असं मला नॅन्सीच्या प्रश्नावरून वाटतं. बारीक हिशेब करणारी बाई गेली की तिची सहल फक्त सहल उरते, हे वूल्फ दाखवते. तिथवर मी तिच्याबरोबर आहे. पण दाखवणारीची नजरही जेम्ससारखीच त्या कपड्यांवरून सरकते, आणि हे कळून-सवरून केलंय असं मानायला मी तयार नाही. मॅकनॅबबाईंना ज्या चष्म्यातून बघितलं, तोच इथेही डोळ्यांवर आहे. ही त्या वर्गाची मर्यादा आहे, आणि एवढ्या मोठ्या लेखिकेच्या बाबतीत ती मोठ्याने सांगायला हवी.

शेवटच्या दृश्यात म्हातारा रॅमसे पार्सल हातात धरून, तरण्या पोरासारखी खडकावर उडी टाकतो. पान उलटलं की आपण परत किनाऱ्यावर, लिलीच्या कॅनव्हाससमोर. ते आता पोहोचले असतील, असं ती म्हणते, चित्राच्या मधोमध एक रेघ ओढते आणि कादंबरी संपते. पार्सल अजून रॅमसेच्या हातात आहे.