शब्द, हालचाल आणि समाजजागृती : लिझ लर्मन यांच्या ‘डान्स एक्स्चेंज’चा विचार

१

समाजातील एखाद्या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी उभ्या राहिलेल्या नृत्यसंस्थांचा विचार करू लागताच टीकेपुढे एक मूलभूत अडचण येते. जागृती म्हटली की विधान आले, आणि विधान करणे हे भाषेचे कार्य आहे. ‘हे युद्ध अन्यायाचे आहे’, ‘ही गोदी बंद होता कामा नये’, ‘म्हाताऱ्या माणसालाही इच्छा असतात’ यांपैकी एकही वाक्य नृत्याच्या हालचालीत जसेच्या तसे उतरत नाही. हालचालीला नकार नाही, काळ नाही, संकेतार्थ नाही. माणूस पडलेला दाखवता येतो. ‘तो पडला नसता तर’ हे दाखवता येत नाही.

तथापि हा दोष शरीराचा नव्हे. बधिरांच्या संकेतभाषा हात, मुद्रा व दृष्टी यांच्याच साहाय्याने नकार, काळ आणि संकेतार्थ व्यक्त करतात, कारण त्यांच्यामागे एका समाजाने रूढ केलेले संपूर्ण व्याकरण असते. भारतीय परंपरेनेही रूढीचाच आश्रय केला. नाट्यशास्त्रातील चोवीस असंयुत व तेरा संयुत हस्त हे प्रेक्षकाला अगोदरच परिचित असलेल्या संकेतांचे भांडार होय. नृत्याला विधानाची शक्ती नसते असे म्हणण्यापेक्षा, ती शक्ती नर्तक व प्रेक्षक यांच्यात पूर्वी झालेल्या करारावर अवलंबून असते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

विसाव्या शतकातील अमेरिकन नृत्याने असा पूर्वनिश्चित करार बव्हंशी नाकारला. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये सुरू झालेल्या प्रयोगांनी तर चालणे, बसणे, धावणे अशा नित्याच्या हालचालींनाच नृत्याचा दर्जा दिला. हालचाल मुक्त झाली. पण सर्वमान्य संकेत नाहीसे झाल्यामुळे तिच्यातून सामाजिक आशय पोहोचवणे अधिकच दुष्कर झाले. ज्यांना आशय पोहोचवायचाच होता त्यांनी हा प्रश्न कसा सोडविला, हे पाहण्यास लिझ लर्मन यांनी स्थापन केलेल्या ‘डान्स एक्स्चेंज’चे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

२

लर्मन यांचा जन्म १९४७ चा. आईच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये, त्यांनी त्याच अनुभवावर एक नृत्य रचले आणि त्यात वॉशिंग्टनमधील वृद्धांच्या निवासगृहातील स्त्रीपुरुषांना भूमिका दिल्या. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, वॉशिंग्टन येथे ‘डान्स एक्स्चेंज’ची स्थापना झाली. वृद्ध नर्तकांचे एक स्वतंत्र पथकही तिच्यातून निघाले. कालांतराने संस्था मेरिलंड राज्यातील टाकोमा पार्क येथे गेली. २०११ मध्ये लर्मन तिच्यापासून दूर झाल्या, आणि संस्थेचे काम त्यांच्यानंतरही पुढे चालू राहिले.

नृत्य कोणी करावे, ते कोठे व्हावे, ते कशाविषयी असावे आणि ते का महत्त्वाचे ठरावे, या चार प्रश्नांभोवती लर्मन यांचा विचार फिरतो. यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत क्रांतिकारक आहे, आणि चिन्हविचाराच्या दृष्टीने तोच सर्वांत फलदायी आहे. चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार केले : सादृश्यावर आधारलेली प्रतिमा, रूढीवर आधारलेला संकेत, आणि वस्तूशी प्रत्यक्ष संबंधाने जोडलेला निर्देशक. धूर अग्नीसारखा दिसत नाही, किंवा तो अग्नी दर्शवतो असे कोणी ठरवलेलेही नाही. अग्नी असल्यामुळे धूर असतो. तरुण नर्तकाने वाकून, थरथरत्या हाताने वार्धक्याचा अभिनय केला तर ती प्रतिमा होय. सत्तर वर्षांच्या स्त्रीने हात वर नेला आणि तो खांद्यापाशी अडला, तर तो अडणारा हात वार्धक्याचा निर्देशक होय. रंगमंचावर समाजातील माणूसच आणल्याने संस्थेला लाभते ते हे निर्देशकाचे सामर्थ्य. हरपलेल्या संकेतांची जागा तिने अशा रीतीने भरून काढली.

परंतु निर्देशक ‘हे आहे’ एवढेच सांगतो. ‘ह्याचे काय करावे’ हे सांगत नाही. म्हणून शब्दाची गरज उरतेच.

३

या गरजेला संस्थेने दिलेले उत्तर तिच्या कार्यपद्धतीत आढळते. गावातील माणसांना एकत्र बसवून त्यांना आपल्या आयुष्यातील प्रसंग सांगावयास लावले जातात. सांगताना त्यांचे हात आपोआप हलतात. या हालचाली वेचून घेतल्या जातात, त्यांची पुनरावृत्ती केली जाते, त्यांचा वेग व आकार बदलला जातो, क्रम उलटापालटा केला जातो, आणि शब्दांना समांतर अशा हालचाली शोधून त्यांतून नृत्यबंध तयार होतो.

या पद्धतीचे मर्म भाषाविज्ञानाच्या साहाय्याने अधिक स्पष्ट होते. अ‍ॅडम केंडन व डेव्हिड मॅक्नील यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे की बोलताना होणारे हातवारे हे भाषणाचे बाह्य अलंकरण नसून भाषणाशी एकजीव असलेले विचाराचे अंग आहे. मात्र अशा हातवाऱ्याला कोश नसतो. एकच माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना हात निराळा हलवतो, आणि हातवाऱ्याचा अर्थ सोबतच्या शब्दांवाचून निश्चित होत नाही. ‘डान्स एक्स्चेंज’ची पद्धत नेमके येथे हस्तक्षेप करते. क्षणिक हातवारा ती स्थिर करते. प्रथम तो शब्दांसह दिसतो, नंतर पुन्हा पुन्हा येतो, आणि अखेरीस शब्द गळून पडले तरी प्रेक्षकाला तो ओळखता येतो. म्हणजे प्रेक्षकाशी पूर्वी न झालेला करार येथे प्रयोगाच्या अवधीतच केला जातो. भरताच्या परिभाषेत बोलावयाचे तर लोकधर्मी हालचाल त्याच प्रयोगात नाट्यधर्मी होते. प्रत्येक प्रयोग आपला लहानसा कोश बरोबर आणतो व प्रेक्षकाकडून तो वाचून घेतो.

४

हे लक्षात घेतले असता अशा नृत्याच्या परीक्षणाची एक कसोटी हाती येते. शब्द आणि हालचाल यांचा परस्परसंबंध तीन प्रकारचा संभवतो. पहिल्या प्रकारात हालचाल शब्दाचा केवळ अनुवाद करते. शब्द ‘नदी’ म्हणतो आणि हात लहरतो. परंपरेतील पदार्थाभिनयाची ही निकृष्ट आवृत्ती होय, कारण तेथे संकेतांची जी समृद्धी असते ती येथे नाही. दुसऱ्या प्रकारात शब्द व हालचाल परस्परांना पूरक असतात. शब्द विषयाचे नाव घेतो आणि तो विषय कोणाच्या अंगावर कसा पडला हे हालचाल दाखवते. तिसऱ्या प्रकारात शब्द मागे राहतो आणि शब्दाने दिलेला अर्थ घेऊन हालचाल अशा ठिकाणी जाते जेथे शब्द पोहोचला नसता. समाजजागृती करणाऱ्या नृत्याचे यश या तिसऱ्या प्रकारापर्यंत जाण्यात आहे. जे पहिल्याच प्रकारात अडकते ते व्याख्यानाचे चित्रमय परिशिष्ट ठरते.

संस्थेचे सर्व प्रयोग या कसोटीवर सारखे उतरत नाहीत. १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात लर्मन यांनी अध्यक्ष रेगन यांचे अर्थकारण आणि संरक्षणखात्याचे अंदाजपत्रक यांवर ‘डॉक्युडान्स’ या नावाने प्रयोग केले. वृत्तांत आणि नृत्य यांची सांगड घालण्याचे हे धाडस निःसंशय होते. परंतु संख्या हे सर्व भाषिक चिन्हांत शरीरापासून सर्वांत दूरचे चिन्ह आहे. शंभर कोटी आणि हजार कोटी यांतील अंतर कोणत्याही हालचालीत दाखवता येत नाही. तेथे नृत्याला फार तर संख्येपुढे माणसाची उडणारी त्रेधा दाखवता येते. म्हणजे विषय अंदाजपत्रक न राहता अंदाजपत्रक न समजणारा नागरिक हा होतो. हा बदल कलादृष्ट्या हितावह असेल, पण माहिती देण्याचा दावा त्याबरोबर सोडावा लागतो. जनुकशास्त्रावरील २००६ मधील प्रयोगात चित्रपटाद्वारे शास्त्रज्ञांचे बोलणे पडद्यावर येते आणि समोर नर्तक नाचतात. येथेही धोका तोच आहे. तज्ज्ञांचा अधिकार शब्दाच्या पारड्यात पडला की हालचाल अनुवादाकडे झुकू लागते.

याउलट पोर्टस्मथ येथील गोदीचा प्रयोग घ्यावा. न्यू हॅम्पशायर राज्यातील या गावासमोर, नदीपलीकडे, १८०० मध्ये स्थापन झालेली नौदलाची जहाजबांधणीची गोदी आहे. येथेच बांधलेली ‘थ्रेशर’ ही पाणबुडी १० एप्रिल १९६३ रोजी बुडाली आणि तिच्यावरील १२९ जण प्राणास मुकले. त्यांत गोदीतील नागरी कामगारही होते. शीतयुद्ध संपल्यानंतर गोदी बंद होण्याचे भय परिसराला ग्रासत होते. गोदीवर पोट असणारे, तिच्यामुळे होणाऱ्या प्रदूषणाने चिंतित झालेले आणि अण्वस्त्रसज्जतेलाच विरोध करणारे असे सर्व लोक एकाच परिसरात राहत होते. गावातील नाट्यगृहाच्या निमंत्रणावरून संस्थेने येथे सुमारे दोन वर्षे काम केले आणि १९९६ मध्ये त्याची सांगता प्रयोगांच्या सप्ताहाने झाली.

येथे विषय आणि माध्यम यांचा मेळ बसण्यास सबळ कारण आहे. गोदीतील काम हेच मुळी हालचालींचे काम आहे. सांधणे, उचलणे, ठोकणे, अरुंद जागेत अंग चोरून शिरणे या क्रिया कामगाराच्या शरीरात वर्षानुवर्षे मुरलेल्या असतात आणि गोष्ट सांगताना त्याच्या हातांत त्या आपोआप उतरतात. शब्दात मांडल्यास ‘गोदी हवी’ आणि ‘गोदी नको’ ही वाक्ये परस्परांना छेदतात. नकार नसलेल्या हालचालीत ती शेजारी शेजारी उभी राहू शकतात. आरंभी ज्याला नृत्याचे वैगुण्य म्हटले तेच येथे त्याचे बळ होते. वाद घालणाऱ्या समाजाला निर्णय देणे नृत्याला शक्य नाही. परंतु वादातील दोन्ही पक्षांना एका रंगमंचावर आणून परस्परांच्या हालचाली शिकावयास लावणे शक्य आहे. जागृती या शब्दाचा नृत्याला पेलणारा अर्थ बहुधा हाच असावा.

मराठी वाचकाला येथे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पण साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. शाहिरी परंपरेत विधान करण्याचा भार शब्दाने निःसंकोचपणे उचललेला असतो. पक्ष घेणे हे तिचे ब्रीद आहे. ‘डान्स एक्स्चेंज’ने तो भार हालचालीवर सोपवू पाहिला, आणि त्याची किंमत म्हणून निःसंदिग्ध पक्षग्रहणाचा त्याग केला.

५

आता मूल्यमापनाचा प्रश्न. १९९४ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आर्लीन क्रोचे यांनी बिल टी. जोन्स यांच्या ‘स्टिल/हिअर’ या नृत्यावर लेख लिहिला, आणि तोही प्रयोग न पाहता. दुर्धर आजाराने ग्रस्त असलेल्या लोकांच्या कार्यशाळांतून हे नृत्य घडले होते. त्या लोकांचे चेहरे व आवाज चित्रफितीतून येत आणि त्यांचे हातवारे शिक्षित नर्तक करीत. क्रोचे यांचा आक्षेप थोडक्यात असा की, दुःखितांनाच समोर उभे केले की टीका अशक्य होते. प्रेक्षकापुढे करुणेवाचून पर्याय उरत नाही.

प्रयोग न पाहता त्यावर लिहिणे ही टीकाकाराची कर्तव्यच्युती होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि त्यामुळे आक्षेप निकालात निघत नाही. निर्देशकाविषयी वर जे म्हटले त्याचीच ही दुसरी बाजू आहे. अडणारा हात खराच अडत असेल तर ‘तो चांगला अडला नाही’ असे कोण म्हणणार? मात्र आक्षेपाला उत्तर आहे. परीक्षण त्या हाताचे करावयाचे नसून त्या हाताला प्रयोगात दिलेल्या स्थानाचे करावयाचे असते. तो कोणत्या शब्दानंतर आला, कितव्यांदा आला, पुनरावृत्तीत त्याचा अर्थ वाढला की झिजला, या प्रश्नांची उत्तरे करुणेवर अवलंबून नाहीत. ती रचनेवर अवलंबून आहेत, आणि रचनेची जबाबदारी रचनाकाराची आहे.

लर्मन यांनी स्वतः १९९० च्या सुमारास टीकेची एक चार पायऱ्यांची पद्धत तयार केली होती. प्रथम प्रेक्षकांनी आपल्याला अर्थपूर्ण वाटलेले सांगावे. मग कलावंताने प्रश्न विचारावेत. नंतर प्रेक्षकांनी तटस्थ प्रश्न करावेत. आणि शेवटी कलावंताची अनुमती घेऊनच मत द्यावे. यांतील तिसरी पायरी भाषिक दृष्ट्या सर्वांत कठीण आहे. ‘हा भाग एवढा लांबवला तरी कशाला?’ या वाक्यात ‘एवढा’ आणि ‘तरी’ या दोन शब्दांनी निकाल अगोदरच दिलेला आहे. ‘या भागाच्या कालावधीचा विचार कसा केला होता?’ हे वाक्य पुष्कळ सौम्य आहे. पण विचार केला होता हे त्यातही गृहीत धरलेले आहेच. गृहीतकावाचून प्रश्न संभवत नाही, म्हणून संपूर्ण तटस्थता हे केवळ ध्येय होय. असे असूनही पद्धतीचे मोल कमी होत नाही. प्रश्न तटस्थ करण्याच्या खटपटीत विचारणाऱ्याला स्वतःचे गृहीतक दिसू लागते, आणि गोदीतल्या कामगाराला व विद्यापीठातल्या रसिकाला एकाच बैठकीत बोलता येते. तिच्यातील उणीव निराळीच आहे. मत देण्यास अनुमती लागते, आणि अनुमती देणारा कलावंत असतो. ज्या वृद्धेचा किंवा कामगाराचा हातवारा वेचून घेतला, तिला अगर त्याला ‘हे माझे राहिले का?’ असे विचारण्याची जागा या चार पायऱ्यांत स्वतंत्रपणे राखलेली नाही.

सामाजिक नृत्याच्या टीकेने हीच जागा घेतली पाहिजे. विषय थोर आहे म्हणून प्रयोगाला थोर म्हणणे, आणि कलावंत अशिक्षित आहेत म्हणून त्याला क्षम्य मानणे, या दोन्ही भूमिकांत प्रयोगाचा अनादर आहे. सांगणाऱ्याच्या तोंडचा शब्द व त्याच्या हातचा हातवारा नृत्यात उतरताना काय टिकले, काय वाढले आणि काय हरवले, याचा हिशेब मागणे हेच अशा प्रयोगांकडे गांभीर्याने पाहणे होय. ‘डान्स एक्स्चेंज’च्या कार्यातून हा हिशेब मांडण्यासाठी लागणारी सामग्री विपुल प्रमाणात उपलब्ध झाली आहे, हे तिचे नृत्याइतकेच टीकाशास्त्रालाही मिळालेले देणे आहे.