गुरूचे आकडे

लांब पल्ल्याचे धावणे ही लिहून शिकविण्यासारखी विद्या आहे काय, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सरळ नाही. धावणाऱ्याचे खरे काम शर्यतीच्या दिवशी होत नाही. ते त्याआधीच्या शेकडो पहाटे होऊन गेलेले असते, आणि त्या पहाटे कोणी पाहिलेल्या नसतात. म्हणून एखादा धावपटू मोठा झाला की, ‘हा रोज करीत तरी काय होता?’ हे जाणून घेण्याची धडपड सुरू होते, आणि त्या धडपडीतून पुस्तके जन्माला येतात. इंग्रजीत अशा पुस्तकांचे एक स्वतंत्र दालनच तयार झाले आहे. ती पुरती चरित्रे नव्हेत आणि पुरती क्रमिक पुस्तकेही नव्हेत. परंतु त्यांतील चांगली पुस्तके वाचताना वाङ्मयाच्या वाचकाला आपल्या ओळखीचाच एक पेच भेटतो. एका माणसाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येईल अशा रीतीने सांगायचा कसा?

हा पेच नीट समजण्यासाठी आधी एमिल झाटोपेकचे उदाहरण घेऊ. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये या चेक धावपटूने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्यांतील मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता. साहजिकच त्याचा सराव जगभर चर्चेचा विषय झाला. पाच वेळा २०० मीटर, मग वीस वेळा ४०० मीटर, पुन्हा पाच वेळा २०० मीटर, आणि दोन धावांच्या मध्ये थोडे सावकाश पळणे, असा त्याचा एक क्रम सांगितला जाई. पुढे त्याने ४०० मीटरच्या फेऱ्या चाळीस-साठवर नेल्या. हे आकडे देशोदेशी गेले. एखाद्या घराण्याच्या शिष्याने गुरूची तान उचलावी आणि त्याचबरोबर गुरूचा खोकलाही उचलावा, तसे पुष्कळांनी ते उचलले. वीस फेऱ्यांनी तो मोठा झाला, तर आपण पंचवीस काढू, असा हिशेब झाला.

या हिशेबात काय सुटले हे पाहण्यासारखे आहे. अशा सरावाला ‘इंटर्व्हल’ असे नाव पडले. इंटर्व्हल म्हणजे मधली मोकळीक. नाव धावण्यावरून पडलेले नाही, विसाव्यावरून पडलेले आहे! जर्मनीत फ्रायबुर्ग येथे वोल्डेमार गेर्श्लर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हा डॉक्टर यांनी या सरावाला शास्त्राची बैठक दिली, तेव्हा त्यांचे सारे लक्ष त्या मोकळिकीवर होते. धावताना नाडीचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास जावेत आणि नंतर दीड मिनिटाच्या आत ते १२० वर यावेत. तसे न आले तर धाव त्या माणसाला झेपली नाही असे समजावे. म्हणजे फेऱ्या किती, हे ठरविण्याचा अधिकार कोणा थोर पुरुषाच्या वहीला नाही. धावणाऱ्याच्या मनगटावर ठेवलेल्या बोटांना आहे. नक्कल करणाऱ्यांनी फेऱ्या मोजल्या, नाडी मोजली नाही.

गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरे छापलेली असतात. ती पाठ करणारा मुलगा वर्गात दर वर्षी एखादा तरी असतोच. त्याचे उत्तर चुकीचे नसते. ते त्याच्यापुढच्या गणिताचे नसते, एवढेच. थोर धावपटूंच्या आकड्यांचे असेच आहे. प्रत्येक आकडा हे एका विशिष्ट शरीराने, विशिष्ट वयात, विशिष्ट हवेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. ज्या पुस्तकातून तो प्रश्नही वाचकाच्या हाती लागतो ते पुस्तक शिकविते. ज्यातून नुसते उत्तर हाती येते ते फार तर दिपवून टाकते. या कसोटीवर तीन पुस्तके लावून पाहण्याचा येथे विचार आहे.

पहिले पुस्तक आर्थर लिडियार्डचे ‘रन टू द टॉप’. गार्थ गिल्मर या पत्रकाराच्या साहाय्याने लिहिलेले हे पुस्तक १९६२ साली निघाले. लिडियार्ड हा न्यूझीलंडमधील ऑकलंडचा. धंद्याने चांभारकाम करणारा, बुटांच्या कारखान्यातला माणूस. त्याच्याजवळ पदवी नव्हती आणि प्रयोगशाळाही नव्हती. ऐन तारुण्यात एका वयाने मोठ्या गृहस्थाबरोबर पाच मैल पळताना त्याचा दम पार निघून गेला, आणि आपण समजतो तितके आपण धडधाकट नाही, हे त्याच्या ध्यानी आले. मग त्याने स्वतःच्या शरीरालाच प्रयोगशाळा केले. कधी कमी, कधी अतोनात अंतर पळून पाहिले, आणि वर्षानुवर्षांच्या खटाटोपानंतर आठवड्याला शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, या पायावर तो स्थिर झाला. शेजारपाजारची पोरे त्याच्यामागे पळू लागली. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम येथे त्यांतील पीटर स्नेलने आठशे मीटरचे आणि मरे हालबर्गने पाच हजार मीटरचे सुवर्णपदक तासाभराच्या अंतराने जिंकले.

पुस्तकाचा गाभा आहे तो क्रमाचा. आधी कित्येक आठवडे दमसास वाढविणारे लांब पळणे, मग चढणीवरचा सराव, मग वेगाचा, आणि शेवटी शर्यत. आठशे मीटर पळणाऱ्यालाही हा पाया चुकत नाही. स्नेलने १९६१ च्या डिसेंबरात पूर्ण मॅरेथॉन पळून काढली आणि लगेच पुढच्या दोन महिन्यांच्या आत एक मैल आणि आठशे मीटर या दोन्ही अंतरांचे जागतिक विक्रम मोडले. हे वाचताना वाचक थक्क होतो, परंतु लिडियार्डचे मोठेपण थक्क करण्यात नाही. प्रत्येक गोष्ट कशानंतर यावी आणि का, हे तो सांगतो; म्हणून त्याचे पुस्तक शिकविते.

तरीही या पुस्तकात एक उणीव आहे, आणि ती त्याच्या गुणातूनच आलेली आहे. लिडियार्डचा आवाज सिद्ध पुरुषाचा आहे. त्या शंभर मैलांपर्यंत येताना तो किती वेळा चुकला, किती वेळा अंथरुणाला खिळला, हे कोष्टकांत दिसत नाही. चाचपडण्याची वर्षे गळून जातात आणि कोष्टक उरते. परिणामी, ज्याने स्वतः कोणाचे कोष्टक मानले नाही त्याचेच कोष्टक पुढे लोकांनी देव्हाऱ्यात बसविले. कोणी ‘शंभर मैल’ एवढेच घेतले. कोणी त्याच्या पद्धतीला ‘सावकाश पळण्याची पद्धत’ असे नाव देऊन चढण आणि वेग हे पुढचे अध्याय मिटूनच टाकले. फिनलंडमध्ये मात्र त्याचे चीज झाले. साठोत्तरी वर्षांत तो तेथे शिकवून आला. त्याच्यापासून आणि इतरांपासूनही घेतलेले रॉल्फ हाइक्कोला याने आपल्या गावच्या लासे विरेनसाठी नव्याने जुळविले. १९७२ साली म्युनिकला दहा हजार मीटरच्या शर्यतीत मध्येच कोसळलेला विरेन उठला आणि जागतिक विक्रम करून जिंकला. हाइक्कोलाने लिडियार्डचे कोष्टक घेतले नाही, ‘कशानंतर काय?’ हा त्याचा प्रश्न घेतला.

दुसरे पुस्तक केनी मूरचे ‘बॉवरमन अँड द मेन ऑफ ऑरेगन’, २००६ सालचे. अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचा नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन याचे हे चरित्र त्याच्याच शिष्याने लिहिले आहे. हा शिष्यही सामान्य नव्हे. म्युनिकच्या मॅरेथॉनमध्ये तो चौथा आला होता. गुरूने लिहिलेल्या पुस्तकात जे गळते ते शिष्याने लिहिलेल्या पुस्तकात उरते, हे या ग्रंथाने मला पटविले. विद्यार्थी मूर रोज जीव तोडून पळत असे आणि वारंवार आजारी पडत असे. अधिक कष्ट म्हणजे अधिक पुण्य, अशी त्याची श्रद्धा होती. शेवटी बॉवरमनने त्याचा अक्षरशः गळा धरला आणि काही आठवडे रोज तीनच हलके मैल पळण्याची सक्ती केली. मूरला हा अन्याय वाटला. पण पुढच्या शर्यतीत त्याची वेळ एकदम सुधारली. एक दिवस कष्टाचा, मग हलके दिवस, हा बॉवरमनचा नियम पुढे जगभर मान्य झाला. पण तो नियम म्हणून वाचणे वेगळे आणि एका हट्टी पोराच्या गळ्यावर पडलेला हात म्हणून वाचणे वेगळे. येथे आकड्याबरोबर माणूस येतो.

याच पुस्तकात बॉवरमन स्वतः शिष्य होतो तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९६२ च्या अखेरीस तो लिडियार्डकडे गेला. तेथे लोकांबरोबर सावकाश पळायला निघालेल्या या एक्कावन्न वर्षांच्या नामवंत प्रशिक्षकाला, सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकार होऊन गेलेल्या एका वृद्धाच्या सोबतीने धापा टाकीत मागून यावे लागले. तो परत गेला तो विजेत्यांची कोष्टके मिरवीत नव्हे, तर साध्या माणसाने सावकाश कसे पळावे हे शिकून. आणि ते त्याने आपल्या गावच्या लोकांना शिकविले. उत्तम गुरू कोणाला म्हणावे याचा हा दाखलाच समजावा. जे आपल्याला कमी आहे ते त्याने उचलले. जे चमकत होते ते उचलले नाही.

तिसरे पुस्तक आधारानंद फिन या इंग्रज पत्रकाराचे ‘रनिंग विथ द केनियन्स’, २०१२ सालचे. समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या इटेन या केनियातील गावी हा गृहस्थ बायकामुलांसह सहा महिने जाऊन राहिला; जगातील उत्तमोत्तम धावपटूंच्या बरोबर पळाला. परक्याच्या नजरेचा फायदा असा की, घरच्यांना जे सांगण्यासारखे वाटत नाही तेच त्याच्या डोळ्यांत भरते. हे विक्रमवीर हलक्या दिवशी किती हळू पळतात, एकटे न पळता घोळक्याने कसे पळतात, दोन धावांच्या मध्ये किती निवांत पडून राहतात, हे या पुस्तकात जितके जिवंत आले आहे तितके कोष्टकाच्या पुस्तकात येणे शक्य नाही. त्याची उणीव म्हणजे लेखक ‘रहस्य’ शोधायला निघाला आहे. एखाद्या भुयारात जपून ठेवलेला मंत्र सापडेल अशा उत्कंठेवर पुस्तक पुढे सरकते, आणि शेवटी एकच एक रहस्य नाही, पुष्कळ कारणांचा तो मेळ आहे, या ठिकाणी येऊन थांबते. हा निष्कर्ष प्रामाणिक आहे. पण शोधाची ती उत्कंठा वाचकाला पुन्हा उत्तराच्याच मागे लावते.

त्याच इटेनमध्ये कोल्म ओकॉनेल नावाचा एक आयरिश धर्मबंधू १९७६ साली भूगोल शिकवायला आला. धावण्याचे प्रशिक्षण त्याने कोठे घेतलेले नव्हते. सेंट पॅट्रिक्स हायस्कूलच्या मैदानावर पोरे पळताना तो पाहत राहिला, त्यांना विचारीत राहिला, आणि त्यातून घडला. त्याचा विद्यार्थी पीटर रोनो १९८८ साली सोल येथे पंधराशे मीटरमध्ये विजेता ठरला. दुसरा विद्यार्थी डेव्हिड रुडिशा २०१२ साली लंडनला आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पळाला. अनुभवी धावपटूंपासून शिकण्याची ही रीत मला तिन्ही पुस्तकांतील उपदेशाहून अधिक बोलकी वाटते. येथे धावणाऱ्यांनी गुरूला घडविले आहे.

कोणी म्हणेल, आकड्यांना इतके हिणवायचे तर मग उरते काय? निष्ठा, साधना, तपश्चर्या असले पोकळ शब्द? आक्षेप रास्त आहे. आकड्यांवाचून या विद्येत पाऊल पुढे पडत नाही, आणि नुसत्या तपश्चर्येच्या गोष्टींनी कोणाचा दम वाढलेला नाही. मागणी एवढीच आहे की, आकडा एकटा येऊ नये. तो कोणाचा, कितव्या वर्षाचा, कोणत्या आठवड्यातला, त्याच्या आदल्या दिवशी काय केले होते आणि दुसऱ्या दिवशी काय झाले, हे त्याच्याबरोबर यावे. चुकलेला आकडाही यावा. असे झाले म्हणजे वाचकाला गुरूचे शरीर उसने घ्यावे लागत नाही. स्वतःच्या शरीराला विचारण्याचे प्रश्न त्याला मिळतात.

हे सारे परदेशचे झाले. पण आता ही गोष्ट आपल्याही दारी आली आहे. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून पहाटे रस्त्यावर पळणाऱ्यांची नवी जमात आपण पाहतो. त्यांतले कितीतरी जण खिशातल्या फोनवर केनियाच्या विजेत्यांचे आठवड्याचे कोष्टक बाळगून असतात, आणि मग गुडघ्याला पट्टी बांधून घरी बसतात. त्या विजेत्यांचे हळू पळणे, त्यांचे पडून राहणे, त्यांची वीस वर्षे त्या कोष्टकात नसतात.

माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत पळाली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत केनियाच्या विजेत्यापेक्षा अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे राहिला. दुष्काळी मुलखातल्या या दोन मुलांच्या पायांत जे ज्ञान साठले आहे ते इटेनच्या किंवा ऑकलंडच्या ज्ञानाहून कमी मोलाचे नाही. त्यांच्या सत्काराची छायाचित्रे छापून येतात, गरिबीची कहाणी छापून येते. मराठीत त्यांच्यावर लिहायला बसणाऱ्याने हार आणि गरिबी थोडी बाजूला ठेवावी आणि साधे प्रश्न विचारावेत: कोणत्या महिन्यात किती पळालात, काय चुकले, केव्हा थांबलात, हलक्या दिवशी किती हळू पळता? मोही-मांडव्याच्या वाटेवर उद्या अनवाणी पळणाऱ्या पोराला त्या उत्तरांचा उपयोग होईल. आणि त्या प्रश्नांचा तर त्याहून अधिक.