अश्वलक्षण आणि अश्ववंश : ‘मानसोल्लासा’च्या निमित्तानें

चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत घोड्यांविषयीं विस्तृत विवेचन आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं प्रसिद्ध केला. हें विवेचन, आणि शालिहोत्राच्या नांवावर चालणाऱ्या पोथ्या, यांवरून दक्षिणी घोड्याची वंशपरंपरा लावण्याचा मोह संग्राहकांस होतो. तो कितपत ग्राह्य, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

सोमेश्वर घोडा पारखतो तो देश, वर्ण आणि आवर्त, म्हणजे भोंवरे, यांवरून. पिता कोण व माता कोण, यावर त्याची परीक्षा उभी नाहीं. इंग्रजांच्या शर्यतीच्या घोड्यांची रीत नेमकी उलट आहे. वेदरबी यांचें वंशावळीचें पुस्तक १७९१ सालीं प्रथम निघालें. आज त्या जातीच्या सर्व घोड्यांची पितृपरंपरा बायर्ली तुर्क, डार्ली अरब व गोडॉल्फिन अरब या तिघांस जाऊन मिळते. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनीं १९४५ सालीं न्यूमार्केटच्या लिलांवांत एक शिंगरूं २८,००० गिनींस घेतलें व त्यास आपल्या आजोबांचें ‘सयाजीराव’ हें नांव दिलें. किंमत पडली ती कुळाची : पिता नीअर्को, माता रोझी लेजंड, आणि सख्खा भाऊ डान्टे त्याच वर्षींचा डर्बीविजेता. या सयाजीरावानें १९४७ सालीं आयरिश डर्बी व सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. ज्या संस्थानानें भोंवऱ्यांचें शास्त्र छापून काढलें, त्याच्याच अधिपतीनें घोडा घेतांना वंशावळ पाहिली, ही गोष्ट मननीय आहे.

मग आमचे पूर्वज वंशाविषयीं उदासीन होते काय? आमच्या मतें कारण व्यापाराचें आहे. मार्को पोलो सांगतो कीं, ठाण्याच्या राजाचा समुद्रावरील चांच्यांशीं करार असे : लुटींतील घोडे राजाचे, बाकी माल चांच्यांचा. घोड्याची वाण इतकी होती. परशुराम कृष्ण गोडे यांनीं हेमचंद्र व सोमेश्वर यांच्या ग्रंथांतील विशिष्ट अश्वनामांचा संबंध अरबी घोड्यांच्या व्यापाराशीं दाखविला आहे. गलबतांतून उतरलेल्या जनावराचे आईबाप गिऱ्हाइकास कोठून दिसणार? त्यास दिसे तें शरीर, आणि कानीं येई तें देशाचें नांव. म्हणून अश्वलक्षण हें खरेदीदाराचें शास्त्र होय, कुलवृत्तांत नव्हे.

या शास्त्रांतही तारतम्य पाहिजे. दांतांवरून वय ओळखण्याची रीत आजही पडताळतां येते. भोंवऱ्याच्या शुभाशुभ फळास तसा आधार नाहीं. एकाच पोथींत दोन्ही आलीं म्हणून दोहोंस सारखें प्रामाण्य मिळत नाहीं.

मुरबाडकडून चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील, नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला लेख हेंच शिकवितो. त्यांत अश्वमेध आहे, दक्षिणेंत रुप्याच्या अलंकारांनीं सजविलेला घोडा आहे. त्या घोड्याचें कूळ नाहीं. लेख दान सांगतो, तेवढेंच त्याच्याकडून घ्यावें. घाट बंदराकडे उतरतो एवढ्यावरून यज्ञाचा घोडा अरबी ठरविणें म्हणजे वाटेवरून प्रवाशाचें गोत्र काढणें होय.

शहापूर-मुरबाडच्या संग्राहकांस आमची विनंति इतकीच. जुन्या दप्तरांत चित्रांची शालिहोत्र पोथी सांपडली तर ती जतन होतेच. तिच्या शेजारचे पागेच्या झाडतीचे मळके बंद मात्र रद्दींत जातात. घोड्याचा रंग, डाग, किंमत, कोणाकडून व केव्हां घेतला, हें असल्या बंदांतून कळतें. दक्षिणी घोड्याचा इतिहास कधीं लिहिला गेलाच, तर तो त्या बंदांवरूनच लिहिला जाईल. पोथीच्या प्रती अन्यत्र मिळतील. गेलेल्या झाडतीस दुसरी प्रत नसते.