सारखा निर्देशांक, वेगळी शरीरे : ‘वाय-वाय’ विरोधाभासाची चिकित्सा

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. (साखरेविरुद्ध ग्रंथ लिहिणारे जॉन युडकिन ते निराळे.) दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. ‘वाय-वाय’ विरोधाभास म्हणून हे एक पान जगभर गाजले. प्रस्तुत लेखात त्याच्या वाचनाची चिकित्सा करावयाची आहे.

दोन व्यक्तींवरून सिद्धांत उभा राहत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या चित्रामागे १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत सुरू झालेला माता-पोषण अभ्यास उभा आहे. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू खुरटलेले, पण धडावरील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली! ‘कृश तरी स्थूल’ भारतीयाची घडण गर्भातच सुरू होते, हे या अभ्यासाचे खरे योगदान होय.

ही चरबी हृदयापर्यंत पोहोचते कशी? पोटातील चरबीतून मेदाम्ले व दाहजनक द्रव्ये रक्तात उतरतात, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि साखर वाढते. जादा साखरेने पेशींतील तंतुकणिकांत सुपरऑक्साइडची निर्मिती वाढते, अशी मांडणी मायकेल ब्राउनली यांनी केली. हे मुक्त मूलक रक्तवाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड नष्ट करते; ऑक्सिडीकरण झालेले एलडीएल भक्षक पेशी गिळतात आणि धमनीच्या भित्तिकेत मेदाचा थर साचतो.

येथपर्यंत तर्क निर्दोष आहे. मात्र आपल्याकडील आरोग्यविषयक लेखन येथून थेट ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांवर उडी घेते, आणि ती उडी पुराव्याला धरून नाही. ‘होप’ चाचणीत (२०००) ई जीवनसत्त्वाने हृदयविकार कमी झाला नाही. ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त (२००२) सुमारे वीस हजार ब्रिटिश रुग्णांपैकी निम्म्यांना ई, सी व बीटा-कॅरोटीन पाच वर्षे दिले गेले, रक्तातील जीवनसत्त्वे वाढली, झटके घटले नाहीत. त्याच चाचणीत सिम्वास्टॅटिनने मोठे हृदय-रक्तवाहिनी विकार सुमारे चतुर्थांशाने कमी केले. विकाराच्या साखळीतील एक कडी ओळखता आली म्हणून ती गोळीने तोडता येतेच असे नव्हे. व्यायाम, आहार, साखर, रक्तदाब आणि तंबाखू यांचे महत्त्व त्यामुळे तसूभरही उणावत नाही.

विरोधाभासाच्या वाचनातील दुसरा दोष दैववादाचा. ‘आपली घडणच अशी’ असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण याच पुणे अभ्यासातून २००८ साली मातेचे कमी बी-१२ व जास्त फोलेट यांचा मुलांतील इन्सुलिन-प्रतिरोधाशी संबंध दाखविला गेला. हे बदलता येण्याजोगे आहे.

विक्रोळीसारख्या उपनगरातील, कन्नमवार नगर वा टागोर नगर येथून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालये आरोग्य शिबिरे भरवितात, तेव्हा हा मुद्दा आपल्या अंगणात येतो. केवळ वजन-उंची नोंदविणाऱ्या शिबिरात छायाचित्रातील डॉ. याज्ञिक ‘निरोगी’ ठरतील. भारतीयांसाठी अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ सुचविली गेली आहे, पण २२.३ तिच्याही खालीच राहतो. म्हणून नोंदपत्रकात कमरेचा घेर (पुरुष ९० सें.मी., स्त्रिया ८० सें.मी. ही मर्यादा), रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर यांचे रकाने हवेत, विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकांच्याही.