बुद्धिमत्तेचे मोजमाप : फ्रान्स्वा शोले यांच्या भूमिकेची चिकित्सा

प्रस्तावना :

कृत्रिम बुद्धिमत्ता मानवी बुद्धिमत्तेच्या किती जवळ आली, हा प्रश्न आज सर्वत्र चर्चिला जातो. मात्र हे अंतर सांगण्यापूर्वी ते कोणत्या मापाने मोजावयाचे, हे निश्चित करावे लागते. फ्रान्स्वा शोले यांच्या ‘ऑन द मेझर ऑफ इंटेलिजन्स’ (२०१९) या निबंधाचे महत्त्व याच कारणासाठी आहे. प्रस्तुत लेखात त्यातील भूमिकेचा परामर्श घेतला आहे.

विवेचन :

ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात संभाषणाची कसोटी सुचविली. पुढे खेळ हीच कसोटी मानली जाऊ लागली. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्ह यांना बुद्धिबळात, तर २०१६ मध्ये ‘अल्फागो’ने ली सेडॉल यांना ‘गो’ या खेळात पराभूत केले. तथापि ‘डीप ब्लू’चे प्रावीण्य बुद्धिबळाच्या पटापुरतेच होते. शोले यांचा आक्षेप नेमका येथे आहे. त्यांच्या मते अमर्याद सराव पुरविल्यास कौशल्य विकत घेता येते. बुद्धिमत्ता मात्र मोजक्या पूर्वज्ञानातून व अनुभवातून नवे कौशल्य किती सहज आत्मसात होते, यावर ठरते. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून मिळविलेले गुण आणि विषयाचे आकलन यांतील भेद अध्यापकांस नव्याने सांगावयास नको.

या भूमिकेस अनुसरून त्यांनी ‘आर्क’ ही चाचणी रचली. रंगीत चौकटींच्या दोन-चार नमुन्यांवरून नियम ओळखून तो नव्या आकृतीस लावावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ओपनएआय’च्या ‘ओ-थ्री’ प्रणालीने तीत ७५.७ टक्के, तर अधिक संगणनशक्ती खर्चून ८७.५ टक्के गुण मिळविले. तरीही ही मानवसदृश सर्वसाधारण बुद्धिमत्ता नव्हे, असे शोले यांनी स्पष्ट केले. मार्च २०२५ मध्ये आलेल्या अधिक कठीण आवृत्तीत तत्कालीन आघाडीच्या भाषिक प्रणालींचे गुण एकअंकी राहिले; पुढे तेही वाढले.

या घटनाक्रमातून शोले यांच्या भूमिकेचे बळ व मर्यादा दोन्ही दिसतात. गुणांबरोबर त्यांसाठी झालेला सराव व खर्च विचारण्याची शिस्त त्यांनी लावली. परंतु त्यांचाच आक्षेप त्यांच्या चाचणीसही लागू पडतो. ‘ओ-थ्री’च्या प्रशिक्षणात या चाचणीच्या जाहीर सरावसंचाचा ७५ टक्के भाग वापरलेला होता. सरावसंच त्यासाठीच असला, तरी प्रसिद्ध झालेली कसोटी तयारीचे लक्ष्य बनते. शिवाय या दोन्ही आवृत्त्यांत प्रश्न परीक्षकच मांडून देतो. कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे ठरविण्याची मानवी क्षमता तेथे मोजलीच जात नाही.

निष्कर्ष :

यंत्र व मानव यांतील अंतर एका टक्केवारीत सांगता येत नाही. यंत्र एखादी परीक्षा उत्तीर्ण होते, तेव्हा त्या परीक्षेने नेमके काय मोजले, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. महाविद्यालयीन मूल्यमापनही या प्रश्नापासून मुक्त नाही.