समीकरणात न बसणारे स्फोटक

आरडीएक्स या स्फोटकाचे समीकरण फळ्यावर मांडायला मोठे सोयीचे आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजन, नायट्रोजन व ऑक्सिजनचे प्रत्येकी ६ अणू. स्फोट झाला, की कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांचे प्रत्येकी ३ रेणू तयार होतात, असे आपण लिहितो. दोन्ही बाजू जुळतात आणि फळा पुसला जातो. विद्यार्थ्याच्या मनात मात्र एक समज राहून जातो: स्फोटात स्फोटक संपते, मागे काही उरत नाही. हा समज किती अपुरा आहे, हे तोफखान्याच्या सरावाच्या जमिनी सांगतात.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड हे वाळूमय द्वीपकल्प आहे. तेथील लष्करी तळावर अनेक दशके तोफांचा सराव झाला. त्याच जमिनीखालचे भूजल आसपासची गावे पितात. पिण्याच्या पाण्याचा एकमेव मुख्य स्रोत असा दर्जा त्याला १९८२ मध्ये मिळाला होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तळावरील स्फोटके व प्रणोदक दारू वापरून होणारा सराव थांबवण्याचा आदेश दिला. पुढील तपासणीत भूजलात आरडीएक्स आणि परक्लोरेट पसरलेले आढळले. पाणी उपसून, क्रियाशील कोळसा व आयन-विनिमय रेझिन यांतून गाळून ते पुन्हा जमिनीत सोडण्याचे काम वर्षानुवर्षे चालवावे लागले.

मग समीकरण खोटे होते काय? ते खरेच आहे, पण पूर्ण स्फोटापुरते. दिवाळीत फुसका बार निघाला, की त्यातली दारू कागदात तशीच राहते. तोफगोळ्यांचेही तसेच होते. नीट फुटलेला गोळा मिलिग्रॅमच्या मापात स्फोटक मागे ठेवतो. अर्धवट फुटलेला गोळा मात्र मुठीमुठीने खडे विखरून टाकतो, आणि न फुटलेला गोळा मातीत गंजत राहतो किंवा शेजारी पडलेल्या दुसऱ्या गोळ्याच्या कपच्यांनी फुटून उघडा पडतो.

येथे थोडे गणित करावे. आरडीएक्ससाठी अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा वापरली गेली. एक किलो म्हणजे १०० कोटी मायक्रोग्रॅम. म्हणजे किलोभर आरडीएक्स ५० कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. शेकडो गोळे नीट फुटले तरी त्यांच्या अवशेषांची बेरीज एका फुसक्या गोळ्यापुढे किरकोळ ठरते. ‘बहुतेक गोळे फुटतात’ हे विधान म्हणूनच खरे असूनही दिशाभूल करणारे आहे.

दुसरा सोपा निष्कर्षही तपासावा. जो पदार्थ पाण्यात जास्त विरघळतो तो भूजलात जास्त उतरेल, असे विद्यार्थी सहज म्हणतील. टीएनटी हे आरडीएक्सपेक्षा जास्त विरघळते. तरीही टीएनटीचे मातीत रूपांतर होते आणि त्यातून बनलेली संयुगे मातीतल्या सेंद्रिय द्रव्यांना घट्ट चिकटतात. आरडीएक्सला मातीची ओढ कमी. ते हळूहळू विरघळते, पण विरघळलेले पाण्याबरोबर खाली जात राहते. वाळूत तर त्याला अडवणारे फारसे काही नसते.

उपायांचे संशोधन थांबलेले नाही. आरडीएक्सचे विघटन करणाऱ्या जिवाणूंची जनुके स्विचग्रास या गवतात घालून न्यू यॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम येथे क्षेत्रीय चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गवताने मातीतले आरडीएक्स शोषून त्याचे विघटन केले. पण भूजलात खोलवर गेलेल्या आरडीएक्सपर्यंत गवताची मुळे पोहोचत नाहीत. तेथे पाणी उपसत राहण्याचा खर्चिक मार्ग उरतो.

प्रदूषणाचा धडा शिकवताना कारखाने, वाहने, खते यांची यादी आपण पाठ करून घेतो. सरावक्षेत्राचे नाव त्या यादीत जोडले म्हणजे काम झाले असे नाही. समीकरण संतुलित झाल्यावर बाणाकडे बोट दाखवून मुलांना विचारावे: ही क्रिया पूर्ण झाली नाही तर डाव्या बाजूचे काय उरेल, ते कुठे जाईल, आणि ते पाणी कोण पितो?