एकच दावर, दोन जामीन

मंडळी, बॅरिस्टर ते न्यायमूर्ती हा प्रवास म्हटला की आपण आधी कौतुकच करतो. सत्कार होतात, गौरवग्रंथ निघतात. पण पायऱ्या मोजल्या म्हणजे माणूस मोजला, असं होत नाही. म्हणून आज गंगाखेडला आपण दिनशा दावर यांची कारकीर्द तपासायला घेतली आहे.

1897 साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला. हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढंही तो मिळाला नाही. मग बॅरिस्टर दावर न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढं उभे राहिले आणि टिळक जामिनावर सुटले.

आता 1908. दावर न्यायमूर्ती झालेले. आरोपी तेच, आरोपही राजद्रोहाचाच. जामीन मागायला उभे होते बॅरिस्टर जिना. दावरांनी जामीन नाकारला. पुढं खास ज्यूरी बसली, सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर, आणि ज्यूरीपुढं त्यांची इंग्रजी भाषांतरं! टिळक 21 तासांहून जास्त बोलले. सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि शिक्षा झाली सहा वर्षं काळं पाणी, 1000 रुपये दंड.

दावरांची बाजूही ऐकली पाहिजे. वकील बोलतो ते अशिलासाठी, न्यायाधीश बांधलेला असतो कायद्याला. तो कायदाही 1898 मध्ये आणखी कडक झाला होता. त्यात जन्मठेप काळ्या पाण्याचीही सोय होती, ती दावरांनी दिली नाही. तेव्हा ‘फितूर’ म्हणून मोकळं होणं आपल्याला पटत नाही.

आपला आक्षेप वेगळा आहे. जामीन द्यायचा की नाही, हे कायद्यानं बरंचसं न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेलं असतं. न्यायाधीश खरा दिसतो तो तिथं. तय्यबजीही बॅरिस्टरच. ते 1887 साली काँग्रेसचे अध्यक्ष होते, 1895 ला न्यायमूर्ती झाले. म्हणजे ‘खुर्चीच माणसाला तसं करते’ ही सबबही टिकत नाही. आणि शिक्षा सुनावताना दावरांनी टिळकांच्या मनालाच विकृत ठरवलं. ते कुठल्या कलमानं मागितलं होतं? शिक्षा कायद्याची म्हणू, पण ते शब्द दावरांचे स्वतःचे होते.

1956 साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी हायकोर्टाच्या त्याच दालनाबाहेर फलक लावला. त्यावर शब्द कोरले ते आरोपीचे, न्यायाधीशाचे नाहीत. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि निजामाच्या राज्यातून निघालेलं आपलं गंगाखेड त्या हायकोर्टाच्या कक्षेत गेलं. 1981 पासून औरंगाबादला खंडपीठ आहे. आपल्याकडची पोरं आता वकिली शिकतात, न्यायाधीशही होतात. त्यांचा सत्कार जरूर करू. पण घरातला कमावता माणूस कोठडीत असतो, तेव्हा जामिनाचा एकेक दिवस त्या घराला काय पडतो, हे आपण जाणतो. म्हणून त्या पोरांना एवढंच विचारू: उभं राहून जे मागितलंत, ते बसल्यावर आठवतं का?